रेघेबाहेरचा झेल

सुध्या, मेल्या, फार घाई केलीस. जाताना माणसाने निदान विचारावं तरी, कुणाचं काही बोलायचं राहिलंय का म्हणून. माझं राहिलं होतं. एकच वाक्य होतं, चार शब्दांचं, आणि आठ वर्षं मी ते गिळत आलो. शेवटची काही वर्षं तर दर शुक्रवारी तुझ्या अल कुसैसच्या घरी जेवायला यायचो, नलूवहिनींच्या हातची पातोडीची भाजी खाऊन नाक पुसायचो आणि मनाशी ठरवायचो, आज सांगून टाकू. मग तू म्हणायचास, "दळवी, घे ना बे अजून, लाजून काय राहिला," आणि मी आणखी एक भाकरी घ्यायचो. परवा ते वाक्य एकदाचं तोंडातून बाहेर पडलं. चारचौघांत पडलं. पण ज्याने ऐकायला हवं तो तू तिथे नव्हतास, म्हणून हे लिहायला बसलोय.

तुझा जन्म कुठला, शिक्षण किती, पश्चात कोण, हे मी लिहिणार नाही. ते तुमच्या अमरावतीकडच्या पेपरात छापून आलंय, आणि त्यात तुला 'क्रिकेट प्रशिक्षक' करून टाकलंय. मी इथून, आखातातून, फोन लावून भांडलो. तिकडचा माणूस म्हणाला, "साहेब, बेसबॉल लिहिलं तर वाचणाऱ्याला कळत नाही." मी म्हटलं, "अहो, जन्मभर त्याने हेच ऐकलं, आता मेल्यावर तरी नीट लिहा की!" त्याने फोन ठेवला. बिल मला आलं, तुझ्या नावाने दोन शिव्या मीच खाल्ल्या, बायकोच्या.

तू देराच्या आमच्या खोलीत पहिल्यांदा आलास तो दिवस अजून आठवतो. सात जण आम्ही आधीच होतो, तू आठवा. नवीन माणसाच्या बॅगेतून गावचं लोणचं निघणार म्हणून आम्ही टपून बसलेलो, आणि निघाला काय, तर चामड्याचा भलामोठा पंजा! त्याला तू खोबरेल चोळलंस, आत एक चेंडू ठेवलास, लुंगीच्या काठाने करकचून बांधलास आणि गादीखाली सारलास. मी म्हटलं, "हे काय हो, आढी घातलीत की काय?" तू अगदी गंभीरपणे म्हणालास, "ग्लोव्ह हाये. याले आकार द्या लागते. मी बेसबॉल खेळतो. सेंटर फील्ड." मी विचारलं, कुठले तुम्ही? तर म्हणे अमरावती. खोली हसून लोळली. अमरावतीकडे संत्री होतात एवढंच आम्हाला ठाऊक, बेसबॉल कधीपासून व्हायला लागला? तू चिडला नाहीस. "आमच्या गल्लीतले लोकबी असेच हासते," म्हणालास आणि मग लोणच्याची बरणी काढलीस.

तू तर राज्याच्या संघातून खेळलेला. घरी कपाटभर ढाली, आणि शेजारी विचारायचे, काय करते पोरगं? हे तूच सांगायचास आणि तूच हसायचास. आपल्या कंपनीत तू कसा आलास ती गोष्टही तशीच. अल क्वोजच्या गोदामांच्या रांगेतली आपली कंपनी, मी तिथे एसीचा मेकॅनिक. आपला मुदीर, म्हणजे मोठा साहेब, तरुणपणी अमेरिकेत शिकलेला, आणि येताना या खेळाचं वेड घेऊन आलेला. तेलकंपन्यांतले अमेरिकन, फिलिपिनो, जपानी यांचे संघ शुक्रवारी सकाळी आपापसांत खेळायचे, त्यात याला स्वतःचा संघ हवा होता. त्याने मुंबईच्या एजंटला फॅक्स धाडला, एक स्टोअरकीपर पाठवा, बेसबॉल आला पाहिजे. एजंटला वाटलं, टायपिस्टची चूक. त्याने तरी चौकशी केली म्हणून बरं.

व्हिसावर तू स्टोअरकीपर, पण कुठल्या बोल्टला कुठला नट बसतो ते तुला शेवटपर्यंत कळलं नाही. सकाळी गोदामात रजिस्टर पुढ्यात घेऊन बसायचास आणि चार वाजले की मैदानावर. "आपण प्रोफेशनल हाये बे," असं छाती काढून म्हणायचास, "खेळाचा पगार घेतो." मी म्हणायचो, "हो तर! अल क्वोजचे प्रोफेशनल! मग ते बॉक्स कोण मोजणार, तुमचा बाप?" पण खरं सांगतो सुध्या, आतून मला हेवा वाटायचा. माणसाला जे येतं त्याच्यासाठी कुणी त्याला समुद्रापलीकडून बोलावून घेतो, हे भाग्य आमच्या खोलीत दुसऱ्या कुणाला नव्हतं.

आणि काय खेळायचास रे! मैदान कसलं, गोदामांमागची वाळूच ती. धूळ बसावी म्हणून तिच्यावर जळकं ऑइल शिंपडलेलं आणि चुन्याच्या दोन पांढऱ्या रेघा ओढलेल्या. पण तिकडे बॅटचा आवाज झाला की तू पाठ फिरवून पळत सुटायचास. चेंडूकडे बघायचासुद्धा नाहीस. वीस-तीस पावलं गेल्यावर वळायचास आणि हात वर करायचास, तर चेंडू जणू तुलाच विचारून आल्यासारखा ग्लोव्हमध्ये पडायचा. मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा म्हटलं, हा मटका लागला. दहा वेळा पाहिल्यावर गप्प बसलो. तू म्हणालास, "डोळ्यानं नाई बे, कानानं खेळा लागते. लाकडाचा आवाज सांगते कुठं पडन ते."

संघातला लंकन पोरगा मायदेशी गेला आणि तू मला लेफ्ट फील्डला उभा केलास. मी चिपळूणचा, टेनिस बॉलवर वाढलेला. तू एवढंच विचारलंस, "कॅच घेता येते ना? मंग बस." आणि एक नियम सांगितलास. मधल्याचा शब्द शेवटचा. सेंटर फील्डरला सगळं मैदान दिसतं, म्हणून तो 'माझा' म्हणाला तर बाजूला व्हायचं, 'तुझा' म्हणाला तर घ्यायचा आणि 'सोड' म्हणाला तर सोडायचा.

"सोडायचा?" मी विचारलं. "कॅच?"

"हो ना बे. कधी कधी सोडा लागते."

इथून आपलं जे भांडण सुरू झालं ते कुठे संपलं? तू मला समजावलंस. फटका झेलला की मारणारा बाद, ठीक. पण झेल हातात पडल्या क्षणापासून बेसवर उभा असलेला त्यांचा गडी पळायला मोकळा. आणि पांढऱ्या रेघेबाहेर पडलेला चेंडू म्हणजे काहीच नाही, पुन्हा टाकायचा. मग सामना बरोबरीत असेल, त्यांचा गडी शेवटच्या बेसवर असेल आणि चेंडू रेघेबाहेर लांब उडाला असेल, तर शहाणा माणूस झेल घेत नाही, पडू देतो. मला समजलं होतं रे. मी काय मठ्ठ नव्हतो. पण पटलं नव्हतं. आमच्याकडे कॅच सोडणाऱ्याला चार पावसाळे नावं ठेवतात, लग्नात पंगतीला बसला तरी मागून कुणी म्हणतंच, हाच तो. मी तुला म्हणायचो, हातात येणारी वस्तू सोडायची हा कसला खेळ, हा तर खुळ्यांचा बाजार! तू म्हणायचास, दळवी, तुह्या डोक्यातून क्रिकेट निंगत नाई तोवर तू फील्डर नाई, नुसता पकड्या हायेस.

त्या हिवाळ्यात आपण फायनलला पोचलो. फिलिपिनो पिचर, पाकिस्तानी ड्रायव्हर, मलबारी क्लार्क आणि आपण दोघे, असल्या कडबोळ्याने तेलकंपनीच्या अमेरिकनांसमोर उभं राहायचं! मुदीर इतका खूश, की सगळ्यांसमोर तुझ्या खांद्यावर हात टाकून बोलून गेला, कप आणलास तर तुला सुपरवायझर करतो, फॅमिली व्हिसा, इन्शाल्ला. स्टोअरकीपरच्या हुद्द्यावर बायको आणता येत नव्हती. तुझं लग्न होऊन तीन वर्षं झाली होती आणि नलूवहिनींबरोबर तू राहिला होतास जेमतेम चार महिने, तेही सुट्ट्यांचे तुकडे जोडून. त्या आठवड्यात तू अल कुसैसला जाऊन एक खोली बघून आलास. स्वयंपाकघराच्या खिडकीतून शाळेचं मैदान दिसतं, म्हणालास. मला दोनदा सांगितलंस.

शेवटचा डाव. चार-चार अशी बरोबरी. बॅटिंग त्यांची, एक जण बाद, आणि एक गडी शेवटच्या बेसवर वाकून उभा. तो घरी, म्हणजे बॅट घेऊन उभे राहतात त्या जागी, पोचला की कप त्यांचा. फटका माझ्या बाजूला उडाला, उंच, आणि रेघेबाहेर चालला. मी सुटलो. तुझा आवाज आला. "सोड बे!" मग पुन्हा, "दळवी, सोड! सोड!"

सुध्या, मला ऐकू आलं. पहिल्यांदा आलं, दुसऱ्यांदाही आलं. आणि का सोडायचा तेही त्या क्षणी ठाऊक होतं. पण चेंडू खाली येत होता, मी त्याच्या खाली पोचत होतो, सगळं मैदान बघत होतं, आणि असा झेल जन्मात एकदा वाट्याला येतो. पाय थांबेनात, असं मी म्हणणार नाही. मीच थांबवले नाहीत. मी अंग झोकून दिलं, तोंडात वाळू गेली आणि चेंडू ग्लोव्हच्या टोकाला अडकला. कसला झेल होता रे तो! आणि पुढचा गाढवपणा बघ, मी तसाच आडवा पडून हात वर केला आणि अंपायरकडे बघून अपील केलं. "हाऊज दॅट!" अंपायर अमेरिकन, तो माझ्याकडे बघतच राहिला. तोवर त्यांचा गडी धावत घरी पोचला होता आणि त्यांची माणसं एकमेकांच्या अंगावर उड्या मारत होती.

तू धावत आलास. मला वाटलं, आता थोबाडीत बसणार. तू मला उठवलंस, पाठीवरची वाळू झटकलीस आणि विचारलंस, "लागलं काय बे?" मी मान हलवली. मग तू विचारलंस, "तुले आवाज नाई आला काय माहा?"

तूच विचारलंस. मला काही रचावंसुद्धा लागलं नाही. मी म्हटलं, "नाही रे. नाही आला."

दुसऱ्या दिवशी मुदीरने आपल्या दोघांना केबिनमध्ये बोलावलं. त्याला खेळ कळत होता, तीच तर पंचाईत. "हू टोल्ड हिम टू कॅच इट?" मी तोंड उघडण्याआधी तू पुढे झालास. "सर, मिस्टेक माय. आय शाउट, ही नॉट हिअर. माय व्हॉइस नॉट गो." मुदीर म्हणाला, आउटफील्ड तुझं काम होतं, तेवढ्याचसाठी तुला आणलं होतं. मी तुझ्या शेजारी उभा होतो आणि भिंतीवरचं कॅलेंडर बघत होतो. चिपळूणला माझी बायको, पाच-सहा वर्षांची मनाली, नोकरी गेली तर काय, हे सगळं डोक्यात होतं, खोटं नाही. पण त्याहून खरं सांगू? मला लाज वाटली होती. भ्यायलेला माणूस निदान नंतर तरी बोलतो, लाजलेला नाही बोलत. महिन्याभरात संघ खलास झाला, आणि संघ नाही तर बेसबॉल येणारा स्टोअरकीपर कशाला हवा?

त्या शुक्रवारी संध्याकाळी तू देरातल्या फोन बूथमधून अमरावतीला फोन लावलास. मी बाहेर उभा. काच होती, तरी सगळं ऐकू येत होतं. "यंदा नाई जमत," एवढंच तू म्हणालास. नंतर बराच वेळ तू नुसता ऐकत होतास. बाहेर आल्यावर मी विचारलं, काय म्हणाल्या वहिनी? तू म्हणालास, "जेवले काय, इचारलं." आपण दोघे शेजारच्या मलबारी हॉटेलात गेलो आणि पराठे खाल्ले. तुझ्याच्याने अर्धाच गेला, उरलेला मी संपवला.

तुला दुसऱ्या एका गोदामात नोकरी लागली आणि तिथे मात्र खरोखर नट-बोल्ट मोजावे लागले. मी आपल्याच कंपनीत राहिलो. दीड-दोन वर्षांत सुपरवायझर झालो. हो, तोच हुद्दा. एसीच्या कामामुळे मिळाला, बेसबॉलशी त्याचा काय संबंध, असं मी मनाला बजावत आलो. माझा फॅमिली व्हिसा झाला आणि बायको-मुलगी आली, तेव्हा एअरपोर्टला कोण आलं होतं? तू. मनालीला खांद्यावर बसवून पार्किंगभर फिरलास. तुझी स्वतःची बायको अजून अमरावतीत होती. त्या दिवशी मला तुझ्या पाया पडावंसं वाटलं होतं, आणि मी तुला म्हणालो काय, तर "सामान नीट ठेव, लोणचं सांडेल."

मग अल कुसैसच्या आपल्या लोकांच्या शाळेने मुलींचा सॉफ्टबॉलचा संघ काढला. शिकवणारा कुणी मिळेना. तू अर्ज केलास, मैदानावर खेळून दाखवलंस आणि कोच झालास. व्हिसावर क्रीडाशिक्षक असं लागलं तेव्हा पासपोर्ट उघडून मला दाखवलास. "दळवी, पहिल्यांदा खरं लिवलं बे यायनं." त्या हुद्द्यावर वहिनी आल्या. फायनलनंतर चार वर्षांनी.

खेळणारा तू मोठा होतास, पण शिकवणारा त्याहून मोठा निघालास, हे मी तुझ्या तोंडावर कधी म्हटलं नाही. तू माजला असतास. मुली तुझ्यावर जीव टाकायच्या. कुणाला सूर मारायची भीती वाटली तर आधी तू स्वतः वाळूत पडून दाखवायचास, चाळिशीला आलास तरी. फक्त तुझी ती एक तऱ्हा मला कळेना. पहिला महिना तू पोरींच्या हातात चेंडूच द्यायचा नाहीस. नव्वद पावलांवर एकमेकींसमोर उभ्या करायचास आणि ओरडायला लावायचास. माइन! युअर्स! लीव्ह इट! आसपासच्या बिल्डिंगांतून तक्रारी गेल्या, शाळेच्या वॉचमनने कानात कापूस घातला. मनालीही तुझ्याकडे यायला लागली आणि घोगरा आवाज घेऊन घरी परतली, तेव्हा मी तुझ्यावर उखडलो. "सुध्या, तू कोच आहेस की बाजारात मासळी विकायला शिकवतोयस?" तू हसला नाहीस. म्हणालास, "ऐकू गेलं पायजे बे. नाई ऐकू गेलं तं बाकीचं शिकून काय उपेग?" तेव्हा मी विषय बदलला. विषय बदलण्यात माझा हात कुणी धरणार नाही.

आता परवाचं सांगतो. तुझे दिवस-कार्य अमरावतीला उरकून वहिनी घर आवरायला परत आल्या. शाळेतल्या मुली भेटायला येणार म्हणून सतरंज्या अंथरल्या होत्या. पंचवीस-तीस मुली आल्या असतील, काही तर कॉलेजात गेलेल्या. सगळ्या संघाचे टी-शर्ट घालून आल्या. रडारड होईल म्हणून मी घाबरलो होतो, पण मुलींनी तुझ्या नकला करायला सुरुवात केली. तुझं इंग्रजी, तुझं ते 'रन, पोट्टी, रन'. वहिनीसुद्धा तोंडाला पदर लावून हसल्या.

मग माझी मनाली उठली. तिला मी घरी कधी दोन वाक्यं मराठीत सलग बोलताना ऐकलं नाही, पण इंग्रजीत काय सुंदर बोलली. मला जेवढं समजलं ते असं. सर म्हणायचे, फील्डरवर कधी रागावू नका. त्याला ऐकू गेलं नाही, तर चूक हाक देणाऱ्याची. सरांनी एकदा फायनलमध्ये हाक दिली होती आणि ती लेफ्ट फील्डरपर्यंत पोचली नाही. सर म्हणायचे, माझा आवाज कमी पडला आणि त्याची किंमत घरच्या माणसाने चार वर्षं मोजली. तुमचा आवाज कमी पडू देऊ नका.

सुध्या, तू खरं मानलंस. मला वाटायचं, तुला सगळं कळलंय आणि तू मोठ्या मनाने गप्प आहेस. त्याच आधारावर मी इतकी वर्षं जेवलो तुझ्याकडे. आणि तू तर माझ्या खोट्यावर विश्वास ठेवून, स्वतःच्या गळ्याला दोष देत, शे-दोनशे मुलींना ओरडायला शिकवत बसलास.

मनाली खाली बसली आणि माझ्याकडे वळली. "बाबा, यू वेअर इन दॅट टीम, नो? हू वॉज दॅट लेफ्ट फील्डर?"

तू तिला नाव सांगितलं नव्हतंस. माझ्याच मुलीला शिकवत होतास, ती गोष्ट दर वर्षी सांगत होतास, आणि नाव गाळत होतास.

"मी," म्हटलं. मनालीचं तोंड उघडंच राहिलं.

चहाचा ट्रे घेऊन वहिनी दारात उभ्या होत्या. त्यांना वाटलं मला वाईट वाटलं, म्हणून त्या माझी समजूत घालायला लागल्या. "मले माहीत हाये नं भाऊजी, यायनं तवाच सांगतलं होतं. त्यात तुमचा काय दोष? तुम्हाले एक गंमत सांगतो. त्या मॅचनंतर हे पहिल्यांदा गावाले आले, तं संध्याकाळी मले कॉलेजच्या ग्राउंडवर घेऊन गेले. मले म्हणे, तू तिकडं उभी राय. पावलं मोजत लांब गेले अन् तिकून जे वरडले, 'सोड बे! सोड!' एका माणसानं भेवानं हातातली सायकल सोडली." मुली हसल्या, ज्यांना समजलं त्यांनी बाकीच्यांना सांगितलं. "मले इचारलं, ऐकू आलं काय? म्या म्हटलं, अवो अख्ख्या कॉलनीले ऐकू आलं! तं यायनं पुन्हा पावलं मोजली. मंग म्हणे, त्या दिवशी वारा असंन."

सगळे हसत होते. मी उठलो.

"वहिनी," मी म्हटलं, "वारा नव्हता. मला ऐकू आलं होतं."

त्यांना समजायला थोडा वेळ लागला. ट्रे त्यांनी टीपॉयवर ठेवला. माझ्याकडे बघत राहिल्या, आणि मी, पहिल्यांदाच, खाली बघितलं नाही. "चार वर्षं, भाऊजी," एवढंच त्या म्हणाल्या आणि आत गेल्या. मुली चुळबुळ करायला लागल्या. मनाली माझ्यापासून जरा सरकून बसली. मला वाटलं, आता निघावं, पुन्हा या घरात यायचं तोंड उरलं नाही. एवढ्यात वहिनी बाहेर आल्या. सगळ्यांना चहा दिला. शेवटचा कप माझ्यापुढे ठेवला.

सुध्या, वहिनींना सांगितलं. पोरीला सांगितलं. ज्या मुलींना तू नाव गाळून गोष्ट सांगितलीस, त्यांनाही नावासकट सांगितलं. राहिलास तू. तू तुझ्या गळ्याला दोष दिलास, वाऱ्याला दिलास, मला मात्र दिला नाहीस. तुझा आवाज कधीच कमी पडला नव्हता रे. त्या दिवशी पान हलत नव्हतं, आणि मला ऐकू आलं होतं.